पाटी बघून प्रवेश घेऊ नका

बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. मुकुटबनहून, झरीहून, वणीहून. प्रश्न ठरलेला: "सर, पोराला एआयला टाकू का?" तिथं शिकवायला कोण आहे, पोराला गणित झेपतं का, याची चौकशी झालेली नसते. शाखेच्या नावात एआय हवं, एवढंच पक्कं असतं.

स्पष्ट सांगतो. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांचं जवळपास सारखंच असतं. केवळ पाटीवरच्या दोन अक्षरांसाठी कापसाचा पैसा आणि वर कर्ज ओतून दूरच्या शहरातलं अनोळखी कॉलेज धरू नका. बाकीच्या वाटा तुम्हाला माहीत आहेत. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला; बारावीनंतर सीईटी; बीसीए करायचं तर तिथंही आता सीईटी. आयटीआय करून मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यात लागणं, हीही वाईट वाट नाही. अर्ज कसा भरायचा ते सेतूवालाही सांगेल. मला बोलायचंय ते वेगळ्याच पोरांबद्दल.

प्रत्येक शाळेत एखादं पोरगं वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत बसतं. एलिमेंटरी, इंटरमीजिएट या परीक्षा त्याला द्यायला लावतात, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. गुण पदरात पडले की आई-बाप रंगपेटी माळ्यावर टाकतात आणि म्हणतात, आता अभ्यासाला लाग. त्याच पोराला भूमितीही आवडत असेल, तर त्याच्या कामाची एक गोष्ट आहे आणि ती कुणी सांगत नाही: मोबाइल ॲपमध्ये कोड लिहून चित्र काढणं.

हे फोटोशॉपवर बॅनर करणं नव्हे. ॲपमधली गोल फिरणारी टक्केवारी, कापसाच्या भावाचा आलेख, शेताच्या बांधाची आकृती, बोटानं सही करायची चौकट, यांतलं पुष्कळसं तयार चित्र नसतं. माहिती बदलेल तसं फोन ते त्या क्षणी काढतो. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये कॅनव्हास असतो, रंग आणि रेघेची जाडी ठरवणारा पेंट असतो, वळणं घेणारा पाथ असतो.

समजा, टाकीत सत्तर टक्के पाणी आहे हे दाखवणारं कडं काढायचंय. सत्तर टक्के म्हणजे 252 अंश. पोरगं तेवढा कंस काढतं आणि कडं भलतीकडूनच सुरू होतं, कारण इथं शून्य अंश घड्याळातल्या तीनच्या जागी असतो. बारापासून सुरुवात हवी तर उणे 90 द्यावे लागतात. शाळेत वाय अक्ष वर जातो. फोनवर आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि वाय खाली वाढतो. कड्यात काटाही दाखवायचा असेल तर त्याचं टोक कुठं येईल ते साइन-कोसाइननं काढायचं. दहावीची निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती इथं कामाला येते. पुढं वेगाचा प्रश्न. चित्र हलतं दिसायला सेकंदाला साठ वेळा नव्यानं काढावं लागतं, म्हणजे एका वेळी जेमतेम 16 मिलिसेकंद. तेवढ्यात दर वेळी नवे पेंट तयार करत बसलात तर स्वस्तातला फोन अडखळणारच.

आता आपल्या लिपीचं. 'मुकुटबन' वाचणाऱ्याला पाच अक्षरं, फोनच्या लेखी सात चिन्हं. इंग्रजीसारखं एकेक चिन्ह सुटं काढून गोलाकार मांडायला गेलात की उकार अक्षरापासून तुटून ठिपक्यांच्या वर्तुळाखाली लटकतो. मराठी ॲपमधली अशी चूक मराठी पोराच्या डोळ्यात लगेच खुपते. ते खुपणं हेच त्याचं भांडवल आहे.

"पण हा कोड एआय लिहून देतो ना?" देतो, आणि बऱ्यापैकी देतो. कडं भलतीकडून सुरू झालं किंवा उकार तुटला, तर तो का तुटला हे ओळखणारा माणूस मात्र लागतोच. दुसरी बाजूही ऐका: 'कॅनव्हास पाहिजे' अशी नोकरीची जाहिरात निघत नाही. नोकरी ॲप डेव्हलपरचीच असते. तयार आलेख वापरणारे ढिगानं मिळतात. तयार मालात भागत नाही तिथं हा पोरगा किंवा ही पोरगी उपयोगी पडते. पोरगी मुद्दाम म्हटलं, कारण घरातला लॅपटॉप आधी भावाच्या हातात जातो.

खर्चाचं म्हणाल तर अँड्रॉइड स्टुडिओ फुकट आहे, पण त्याला किमान 8 जीबी रॅमचा लॅपटॉप लागतो. 16 असेल तर बरं. तोवर फोनच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टच्या कॅनव्हासवर हात बसवता येतो, गणित तेच आहे. तीन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका.

पालकहो, या सुट्टीत पोराला एकच काम द्या: गावातल्या पावसाचा महिनावार आलेख स्वतः कोड लिहून काढायचा. चार दिवसांत कंटाळला तर त्याला या वाटेला लावू नका. रात्री जेवायला हाका मारूनही उठला नाही, तर मला फोन करा. मात्र फोनवर त्यालाच बोलू द्या.