साधी सर्दी कोणती, आणि साधी नसलेली कोणती?

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक छोटा प्रसंग आहे. तथागत भिक्खूंना धम्म सांगत असताना त्यांना शिंक आली. त्याबरोबर भिक्खूंनी दीर्घायुष्य चिंतण्याचा एवढा गलका केला की उपदेश मध्येच थांबला. तेव्हा तथागतांनी त्यांना विचारले की, कुणी शिंकल्यावर असे म्हटल्याने तो माणूस जगतो किंवा मरतो काय? भिक्खूंना नाही म्हणावे लागले. आपल्या वस्तीत मात्र कामाला निघताना कुणी शिंकले की आजही दारात घटकाभर थांबणारी माणसे आहेत. शिंकेतून बाहेर पडतात ते विषाणू. म्हणून शिंकणाऱ्याने नाकातोंडावर रुमाल किंवा हाताचे कोपर धरावे, एवढाच शिंकेचा अर्थ.

सध्या वर्षावास चालू आहे. नौपाड्यात वंदना टॉकीजपाशी पाणी तुंबले की आसपासच्या चाळींच्या भिंतींना ओल धरते. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच-सहा माणसे आणि पावसामुळे लावून घेतलेली खिडकी. एकाला पडसे झाले की आठवड्याभरात सगळे घर शिंकू लागते. सर्दी करणारे विषाणू 200 हून अधिक प्रकारचे आहेत, त्यामुळे एकदा होऊन गेली म्हणून पुन्हा होणार नाही असे नसते. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी झाली तरी डॉक्टर ते नेहमीचेच मानतात.

ही साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप जाते. खोकला आणखी थोडा रेंगाळतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून घाबरू नये. अँटिबायोटिक गोळ्या जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. रोजंदारीवरचा माणूस डॉक्टरला म्हणतो, ‘एक इंजेक्शन टोचा, उद्या कामावर जायचंय.’ त्याची अडचण खरी आहे, पण त्या सुईने सर्दी एक दिवसही लवकर जात नाही आणि खिसा तेवढा हलका होतो. ताप आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, भरपूर पातळ पदार्थ आणि विश्रांती पुरते. हळदीचे दूध, आल्याचा चहा खुशाल घ्या, घशाला बरे वाटते. एक वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी चमचाभर मध चालतो, त्याहून लहान बाळाला मध मुळीच देऊ नये. तान्ह्या बाळाचे नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब औषधाच्या दुकानात मिळतात. उकळत्या पातेल्यावर लहान मुलाला वाफ देऊ नका, अशाने मुले भाजतात. केळे, दही, भात बंद करून आजारी मुलाला उपाशी ठेवण्याचीही गरज नाही.

खोकल्याच्या बाटलीबद्दल मात्र कडक राहा. 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी रसायन मिसळलेले खोकल्याचे औषध पिऊन लहान मुले दगावली, त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. दोन वर्षांखालच्या बाळाला सर्दी-खोकल्याचे पातळ औषध देऊच नये, आणि पाच वर्षांपर्यंतही ते सहसा देत नाहीत. शेजारणीकडे उरलेली बाटली तर नकोच.

आता साधी नसलेली सर्दी. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एकाएकी दुखू लागला, ताप चढला, गिळवेना, जबड्याखाली गाठी दुखतात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, आणि नाक मात्र वाहत नाही, खोकलाही नाही, तर हा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा घसा असू शकतो. इथे अँटिबायोटिक लागते. डॉक्टर बहुधा दहा दिवसांचे औषध देतात. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागते, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेसाठी फळीवर जातात. चूक इथेच होते. अर्धवट मारलेला जिवाणू घशात राहतो आणि दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे गुडघे, घोटे एकामागून एक सुजतात. हा संधिवाताचा ताप. तो हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी करू शकतो. मग दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. श्रीमंत देशांत घरे मोकळी झाली, औषध वेळेवर मिळू लागले, तसा हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. दाटीच्या वस्त्यांत तो अजून आहे. मुलीच्या नशिबात दुबळे हृदय होते असे कुणी म्हणाले, तर त्या घशाची आणि त्या उरलेल्या गोळ्यांची आठवण करून द्या.

घशात करडा-पांढरा पडदा आणि सुजलेली मान दिसली तर घटसर्पाची शंका घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. बाळाच्या लसी आणि पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा डोस चुकला असेल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तो मोफत मिळतो. कान फुटून पू येत असेल तर कोमट तेल ओतू नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीची तपासणी करा, सरकारी दवाखान्यात तीही मोफत आहे.

तान्ह्या बाळाची परीक्षा आईला घरीच करता येते. बाळ शांत असताना त्याचा सदरा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरला तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध ओढत नसेल, तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा किंवा रिक्षा करून कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय गाठा.

विहारातल्या ग्रंथवाचनालाही आता गर्दी असते. खिडक्या उघड्या ठेवा, बंद हॉलमध्ये अगरबत्तीचा जुडगा एकदम पेटवू नका, एक पुरते. घरी मच्छरदाणी लावली तर कॉइलच्या धुरापासून बाळाची सुटका होते. विहाराच्या दाराशी साबण आणि पाण्याची बादली ठेवा. ज्याला खोकला आहे त्याने मास्क लावून मागे, खिडकीजवळ बसावे.