वाळवंटातील संशोधन-केंद्र आणि तेथील नियम

वाळवंट म्हटले म्हणजे रित्या, उजाड आणि कोणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या भूमीचे चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. अशा ठिकाणी माणसाने चार पावले इकडे टाकली काय किंवा तिकडे टाकली काय, त्याने कोणाचे काय बिघडणार, असे सहज वाटते. शास्त्रज्ञांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. भरपूर पावसाच्या प्रदेशातील पाऊलवाट वहिवाट बंद होताच एकदोन पावसाळ्यांत बुजून जाते. वाळवंटात उमटलेली खूण मात्र दीर्घकाळ तशीच राहते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४४ या काळात, अमेरिकेतील कॅलिफोर्निया व ॲरिझोना या राज्यांच्या वाळवंटी भागांत रणगाड्यांच्या तुकड्यांना युद्धशिक्षण देण्यात आले. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या कित्येक दशकांनंतरही जमिनीवर स्पष्ट दिसत होत्या. जेथे जखम इतक्या सावकाश भरून येते, तेथे संशोधकाचे येणेजाणे हीदेखील एक जखमच ठरू शकते. वाळवंटातील संरक्षित केंद्रांनी संशोधकांवर जी बंधने घातली आहेत, त्यांचे मूळ या गोष्टीत आहे.

टूमामॉकची टेकडी

ही बंधने कशासाठी आहेत, हे समजून घेण्यास ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहराजवळचे केंद्र फार उपयोगी पडते. शहराच्या पश्चिमेस टूमामॉक नावाची काळ्या ज्वालामुखी खडकांची एक टेकडी आहे. हे नाव त्या प्रदेशातील मूळ रहिवासी असलेल्या तोहोनो ओओधम लोकांच्या भाषेतून आलेले असून त्याचा संबंध तेथील शिंगवाल्या सरड्याशी आहे. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने १९०३ मध्ये या टेकडीवर वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा स्थापन केली. फ्रेडरिक कोव्हिल व डॅनियल मॅकडूगल या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी वाळवंटांचा दौरा करून ही जागा निवडली. वनस्पती उपटून, वाळवून, दूरच्या विद्यापीठात नेऊन तिचा अभ्यास करण्यापेक्षा ती जेथे जगते तेथेच जाऊन बसावे, हा या योजनेचा हेतू होता.

१९०६-०७ च्या सुमारास तेथील सुमारे ८६० एकर जमिनीला कुंपण घालण्यात आले आणि गुरांची चराई बंद झाली. सूक्ष्मदर्शक, तापमापक, पर्जन्यमापक ही उपकरणे प्रयोगशाळेत होतीच. पण त्या सर्वांत मोलाचे उपकरण हे साधे तारेचे कुंपण ठरले, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९०६ मध्येच व्होल्नी स्पॉल्डिंग या वनस्पतिशास्त्रज्ञाने टेकडीच्या परिसरात जमिनीचे काही तुकडे कायमचे आखून घेतले आणि त्यांतील प्रत्येक बहुवर्षायू झुडपाची जागा नकाशात नोंदविली. पुढे फॉरेस्ट श्रीव्ह याने हे काम वाढविले. १९०६ ते १९२८ या काळात आखलेले यांपैकी बहुतेक तुकडे दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे एखाद्या लहानशा घराच्या अंगणाएवढे आहेत. त्यांच्या नकाशांची मालिका २०१२ पर्यंत, म्हणजे एकशे सहा वर्षे चालू राहिली. वनस्पतींच्या एकेका झाडाची इतक्या दीर्घकाळची नोंद अन्यत्र सापडणे कठीण आहे.

या नोंदींचे महत्त्व पुढील गोष्टीवरून ध्यानात येईल. श्रीव्ह आणि आर्थर हिंक्ली यांनी १९३७ मध्ये पहिल्या तीस वर्षांतील फेरफारांचा आढावा प्रसिद्ध केला. तीस वर्षांचा काळ काही थोडाथोडका नव्हे. तेवढा पाहून कोणालाही असे वाटावे की, गुरे बंद झाल्यामुळे तेथील झाडी एका ठराविक दिशेने पालटत चालली आहे. परंतु १९८६ मध्ये डेबोरा गोल्डबर्ग व रेमंड टर्नर यांनी १९०६ ते १९७८ अशा बहात्तर वर्षांच्या नकाशांची छाननी केली, तेव्हा त्यांना असा एकमार्गी बदल आढळला नाही. झाडांची संख्या व त्यांचा विस्तार यांत चढउतार पुष्कळ झाले होते. पण त्यांचा मेळ प्रामुख्याने लागोपाठच्या ओल्या किंवा कोरड्या वर्षांशी बसत होता.

आता अशी कल्पना करा की, १९३० च्या सुमारास एखाद्या उत्साही अभ्यासकाने आपल्या संग्रहासाठी त्या चौकटीतून एकच झुडूप उपटून नेले आणि त्याची नोंद केली नाही. पुढचा नकाशा काढणाऱ्याला त्या जागी झुडूप दिसणार नाही. ते दुष्काळाने मेले, असे तो मानील, तसे लिहील आणि ती चूक पुढे अर्धशतक गणितात वावरत राहील. ती चूक शोधून काढण्याचा कोणताही मार्ग पुढच्या पिढीजवळ नसेल. झाडाचे नुकसान एका झाडापुरते असते. नोंदीचे नुकसान साऱ्या मालिकेला बाधते.

नियम आणि त्यांची कारणे

संरक्षित केंद्रात काम करू इच्छिणाऱ्याने प्रथम लेखी योजना सादर करावी, असा नियम बहुतेक सर्वत्र असतो. काय शोधावयाचे आहे, किती दिवस, किती माणसे, कोणती उपकरणे, किती नमुने आणि नेमक्या कोणत्या जागी, हे त्यात नकाशासह नमूद करावे लागते. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. केंद्राच्या व्यवस्थापकाजवळ आधीच्या सर्व प्रयोगांच्या जागांचा एक नकाशा असतो. नवा प्रयोग जुन्या चौकटीवर तर पडत नाही ना, हे त्यावरून पाहिले जाते. जुना प्रयोग बंद पडलेला दिसला तरी त्याची जागा मोकळी झाली, असे मानीत नाहीत. टूमामॉक येथील प्रयोगशाळा १९४० मध्ये कार्नेगी संस्थेने सोडली, जागा सरकारच्या वनखात्याकडे गेली आणि १९६० मध्ये ती ॲरिझोना विद्यापीठाने घेतली. मालक बदलले, माणसे बदलली. तरी जुन्या चौकटी पुन्हा मोजता आल्या, कारण त्यांचे कोपरे जागेवर होते आणि नकाशे जपून ठेवलेले होते.

दुसरा नियम चालण्याविषयीचा आहे. ठरलेल्या पायवाटेवरून जावे. ती सोडणे भागच पडले तर खडकांवरून किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातून जावे. पुष्कळ वाळवंटांत जमिनीच्या पृष्ठभागावर सायनोबॅक्टेरिया, दगडफुले व शेवाळी यांचा एक पातळ, खरबरीत थर असतो. हा जिवंत थर मातीचे कण एकमेकांस बांधून ठेवतो. त्यावर बूट पडला की तो पापडासारखा मोडतो. मग वारा माती उडवून नेतो, आणि थर पुन्हा जमण्यास कित्येक वर्षे, क्वचित कित्येक दशके लागतात. शिवाय एका माणसाची पावले पाहून दुसरा त्याच मागाने जातो व नवी वाट पडते. मोटारगाडीला तर रस्ता सोडण्याची मुभा कोठेच नसते.

मातीचे नमुने मोजून मापून घ्यावेत, यालाही सबळ कारण आहे. टूसॉनच्या आसमंतात पाऊस दोन ऋतूंत पडतो, एक हिवाळ्यात व दुसरा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. हिवाळी पावसानंतर उगवणाऱ्या एकवर्षायू वनस्पतींचा अभ्यास लॅरी व्हेनेबल यांनी टूमामॉक येथे १९८२ पासून चालविला. या वनस्पतींचे सगळे बी एकाच वर्षी रुजत नाही. काही बी पुढच्या चांगल्या पावसाची वाट पाहत मातीत पडून राहते. आपल्याकडील शेतकरी पहिल्याच सरीवर सगळे बियाणे पेरून टाकीत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून जी माती वरून रिकामी दिसते, ती वस्तुतः अनेक वर्षांच्या पिकाची कोठी असते. तिच्यातून फावडेभर माती उचलणे म्हणजे अजून न उगवलेल्या रोपांची मोजणी बिघडविणे होय.

झाडाची फांदी तोडू नये, हा नियम ऐकावयास अगदी साधा आहे. पण वाळवंटात एका झाडाच्या फांदीवर दुसऱ्या झाडाचे जीवन अवलंबून असते. सग्वारो नावाचा प्रचंड, खांबासारखा निवडुंग ही त्या प्रदेशाची ओळख होय. त्याचे बी उघड्यावर रुजले तरी उन्हाने, थंडीने किंवा कुरतडणाऱ्या प्राण्यांमुळे रोप सहसा जगत नाही. पालो व्हर्देसारख्या झाडाच्या सावलीत मात्र ते तग धरते. जणू ते झाड त्या रोपाची दाईच असते. दहा वर्षांचे सग्वारोचे रोप बोटाच्या एकदोन पेरांहून मोठे नसते. त्याला पहिली फांदी फुटण्यास पन्नास ते पाऊणशे वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो आणि दीडशे वर्षे जगलेले निवडुंग दुर्मीळ नाहीत. छायाचित्रात अडथळा येतो म्हणून पालो व्हर्देची एक फांदी छाटणाऱ्याला आपण खाली दडलेला एखादा बालसग्वारो उन्हात टाकला, हे कळणारही नाही.

नमुना न तोडता पुष्कळ शिकता येते, याचे एक सुंदर उदाहरण याच केंद्रात घडले. सग्वारोच्या खोडाला उभ्या कडा व त्यांमध्ये पन्हळी असतात. पाऊस पडल्यावर निवडुंग पाणी साठवितो, तेव्हा या पन्हळी रुंदावतात; कोरड्या दिवसांत त्या आकसतात. एफी स्पॉल्डिंग या संशोधिकेने ही हालचाल मोजून सग्वारोच्या जलसंचयाविषयीचा निबंध १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. जिवंत झाड उभे ठेवून, ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतराने मोजमाप घेणे ही त्या पद्धतीची खुबी होती.

दगड उचलू नयेत, या बंधनात वनस्पतिशास्त्राबरोबर इतिहासही येतो. टूमामॉकच्या माथ्याजवळ दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसांनी रचलेल्या दगडी भिंतींचे अवशेष आहेत, खडकांवर कोरलेली चित्रे आहेत. उपकरणाच्या पायाखाली टेकू म्हणून उचललेला दगड अशा भिंतीतला असू शकतो.

जे बाहेरून येते

काय न्यावे यापेक्षा काय आणू नये, याविषयीचे नियम अधिक कडक असतात. एखाद्या तुकड्याला पाणी घालून पाहावयाचे असेल तर त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. कारण ओल्या जागेकडे उंदीर, मुंग्या व पक्षी ओढले जातात आणि शेजारच्या संशोधकाची प्राणिगणना चुकते. खते, रंग, कीटकनाशके यांचेही तसेच. बुटांचे तळवे, मोजे आणि विजारीचे काठ आत शिरण्यापूर्वी झाडून साफ करावेत, हा नियम तर हास्यास्पद वाटेल इतका बारीक आहे.

त्याचे कारण भारतीय वाचकाला चांगले समजेल. आपल्याकडे ज्याला अंजन गवत म्हणतात, ते राजस्थानच्या रुक्ष प्रदेशात उत्तम चारा मानले जाते; जोधपूर येथे १९५९ मध्ये त्या नावाने उभ्या राहिलेल्या केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेने त्याच्या सुधारित वाणांवर काम केले आहे. हेच गवत चाऱ्यासाठी अमेरिकेत नेण्यात आले आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात ते मोकाट पसरले. तेथील झुडपांमध्ये मुळात मोकळी जमीन असते, त्यामुळे एका झुडपाला लागलेली आग दुसऱ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. अंजन गवताने ती मोकळी जागा भरून टाकली की, वाळलेल्या गवतावरून वणवा सरळ धावत जातो. आणि सग्वारोची आगीपुढे टिकाव धरण्याची घडण नाही. जोधपूरला जे वरदान, ते टूसॉनला संकट! टूमामॉकवर स्वयंसेवक हे गवत हातांनी उपटून काढतात. त्याच्या कुसळ्या कापडाला चिकटतात, म्हणून मोज्यांची एवढी चौकशी.

भारतातील वाळवंटी प्रदेशातही असे नियम आहेत, आणि त्यांना कायद्याचे बळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यात शास्त्रीय संशोधनासाठी शिरावयाचे असल्यास राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी घ्यावी लागते. संरक्षित प्राणी पकडावयाचा तर वेगळा परवाना लागतो. जैसलमेर व बाडमेर या जिल्ह्यांत पसरलेले मरुभूमी राष्ट्रीय उद्यान हे या बाबतीत विशेष नाजूक क्षेत्र होय. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजमुळे मराठी वाचकांच्या परिचयाचा झालेला माळढोक तेथे शेवटचा आधार धरून आहे. त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. माणूस जवळ आल्यामुळे ती थोडा वेळ उठून गेली, तरी कावळ्याला किंवा कुत्र्याला तेवढा अवधी पुरतो. अशा ठिकाणी जवळून घेतलेले एक छायाचित्र फारच महाग पडते.

संशोधकाच्या स्वतःच्या जिवासंबंधीचे नियम थोडक्यात सांगता येतील. एकट्याने जाऊ नये. कोठे जाणार व केव्हा परतणार हे नोंदवहीत लिहून जावे. तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे आणि दूरवर पाऊस दिसत असताना कोरड्या ओढ्यात थांबू नये, कारण डोंगरातला लोंढा निरभ्र आकाशाखालीही येऊन पोहोचतो.

काम संपल्यावर निघण्यापूर्वीचा दिवस हा आवराआवरीचा असतो. दोऱ्या, चिठ्ठ्या, तारा, झेंड्या काढून मोजून घ्यावयाच्या; जितक्या आणल्या तितक्या भरल्या पाहिजेत. खणलेले खड्डे त्याच मातीने बुजवावयाचे. नमुन्यांची यादी, नकाशा, छायाचित्रे आणि मोजमापांच्या वहीची एक प्रत केंद्रात ठेवावयाची. प्रयोग फसला असला तरीही, कारण कोणत्या जागी काय केले होते हे पुढच्याला कळलेच पाहिजे. एवढ्यातून एकच वस्तू मागे ठेवण्यास मुभा असते. प्रयोग पुढे चालावयाचा असेल, तर चौकटीच्या चार कोपऱ्यांवरच्या खुंट्या तशाच राहू देतात. त्यांवर वर्ष व क्रमांक कोरतात, आणि त्यांची जागा केंद्राच्या मोठ्या नकाशात शाईने नोंदवितात.