एंजिनाचा ब्रेक: चार धावांचा आणि दोन धावांचा

डोंगर, चिखल व वाळू तुडविणाऱ्या 'डर्ट बाइक' जातीच्या मोटारसायकलींत एंजिने दोन प्रकारची आढळतात: फोर-स्ट्रोक, म्हणजे चार धावांचे, आणि टू-स्ट्रोक, म्हणजे दोन धावांचे. उतारावर थ्रॉटल मिटताच पहिली गाडी मागून कोणी ओढून धरावी तशी मंदावते. दुसरी मात्र पुढे पळतच राहते. असे का व्हावे?

सिलिंडरातील वायू दाबला जातो म्हणून गाडी अडते, असे उत्तर बहुधा मिळते. आमच्या मते ते अपुरे आहे. दाबलेला वायू स्प्रिंगसारखा असतो. दट्ट्या वर नेताना खर्चिलेले श्रम तो खाली येताना बव्हंशी परत मिळतात. खरी अडवणूक होते ती श्वास घेताना. रंगपंचमीच्या पिचकारीचे तोंड बोटाने जवळजवळ बंद करून दांडा ओढून पाहावा, हात अवघडतो. थ्रॉटल मिटले की फोर-स्ट्रोकच्या दट्ट्याला असाच श्वास ओढावा लागतो. एंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० वेळा! हे श्रम परतही मिळत नाहीत; कारण निष्कासाची झडप उघडताच नळीतील वायू आत शिरून ती पोकळी भरून टाकतो. श्रमांचा हा सारा भार मागच्या चाकावर पडतो.

टू-स्ट्रोकमध्ये श्वासासाठी स्वतंत्र धावच नाही. मिश्रण ओढले जाते ते दट्ट्याच्या खालच्या बाजूने, क्रँककेसमध्ये. ती जागा ऐसपैस असल्याने दाबातील चढउतार थोडा. दट्ट्या खाली असेतोवर सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रे उघडी राहतात, शिवाय झडपा हलविण्याचे श्रम नाहीत.

या भेदाचा अनुभव शर्यतपटूंना प्रकर्षाने आला. १९९७ साली लास व्हेगास येथील सुपरक्रॉस शर्यत डग हेन्री याने यामाहाच्या फोर-स्ट्रोक गाडीवर जिंकली, आणि टू-स्ट्रोकच्या त्या राज्यात नवे पर्व सुरू झाले. टू-स्ट्रोकवर वाढलेल्या स्वाराने वळणापूर्वी सवयीने थ्रॉटल मिटून ब्रेकही दाबला, की नव्या गाडीचे मागचे चाक अडखळून उड्या घेई. मागच्या चाकाचा हा हिसका सैल करणारे 'स्लिपर क्लच' असतात, ते याचसाठी.

टू-स्ट्रोकच्या उताराला आणखी एक धोका आहे, आणि तो आम्हांस अधिक गंभीर वाटतो. ज्या गाड्यांत पेट्रोलातच तेल मिसळलेले असते (साधारण ३० ते ४० भागांस १ भाग), त्यांत थ्रॉटल मिटले की पेट्रोलाबरोबर तेलही आटते. चाके मात्र एंजिनास फिरवीतच असतात. लांब उतारावर असे होत राहिले, तर दट्ट्या तापून सिलिंडरात जखडतो व मागचे चाक एकाएकी अडते. म्हणून जाणता स्वार उतारावर दोन्ही ब्रेकांवर भिस्त ठेवतो, आणि मधूनमधून क्लच दाबून क्षणभर थ्रॉटल उघडतो. पेट्रोल वाचविण्यासाठी एंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यांना तर फोर-स्ट्रोकचाही आधार उरत नाही. सारा भार ब्रेकांवर पडून ते तापतात.

बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ला घाटात एखादी जुनी येझदी उतरताना दिसली, तर कान देऊन ऐकावे. तीही टू-स्ट्रोकच. मध्येच तिचे एंजिन उगाच भर्रकन वाजल्यासारखे वाटेल. स्वार त्या वेळी दट्ट्यास तेल पोचवीत असतो.