आधी खोली, मग चौकट, रूळ सगळ्यात शेवटी

रुळांची ऑर्डर अजून दिली नाहीस ना? मग बरं झालं. छोट्या आगगाडीचा नाद लागला की माणूस आधी इंजिन घेतं, मग डबे, मग रूळ. हे सगळं मांडायचं कशावर, ते सुचतं सगळ्यात शेवटी. मग ती गाडी जेवणाच्या टेबलावर चार फेऱ्या मारते आणि पानं घ्यायची वेळ झाली की खोक्यात जाते. तुझ्या क्वार्टरची मागची दहा बाय बाराची खोली रिकामी आहे. असं नशीब कितीजणींचं असतं गं?

आधी तो घाटाचा हट्ट सोड. कसाऱ्याचा घाट सगळ्यांनाच हवा असतो. पण कसाऱ्याच्या खऱ्या घाटाचा, म्हणजे थळ घाटाचा, चढ ३७ला १ इतका आहे, तिथे गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. आपण दर मीटरला दोनच सेंटिमीटर चढ द्यायचा म्हटलं, तरी एका रुळावरून दुसरा न्यायला आठेक सेंटिमीटर उंची हवी. म्हणजे चार मीटर नुसता चढ, आणि खाली यायला तेवढाच उतार. तुझी सगळ्यात लांब भिंत पावणेचार मीटरसुद्धा नाही. त्यात तू राहतेस एकलहऱ्यात. औष्णिक केंद्राकडे येणारे कोळशाचे रेक, अख्खी वॅगन धरून उलटी करणारा टिपलर, कडेची बाभळीची झुडपं, सगळं सपाटीवरचं आणि रोज डोळ्यांसमोरचं. कोळशाची सायडिंगच कर. कसाऱ्याचा घाट फोटो बघून करणारे पुष्कळ आहेत.

पण रेक पुरा करायला जाऊ नकोस. कोळशाची बॉक्सएन वॅगन साधारण १०.७ मीटर लांब. आपल्या एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, ती सव्वाबारा सेंटिमीटरची होते. अठ्ठावन्न वॅगनींचा रेक मांडलास तर सात मीटरच्या वर जाईल, गाडीचं शेपूट स्वयंपाकघरात! बारा वॅगनी आणि एक इंजिन, पावणेदोन मीटर, झालं काम. भिंतीकडेनं फिरणारी एवढी गाडी डोळ्याला लांबच वाटते. आणखी एक ऐकून ठेव. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, एचओचे तयार रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे. हिशोबानं ते सव्वाएकोणीसचे हवेत. यावर चोखंदळ मंडळी तासन्तास वाद घालतात. तू त्यात पडू नकोस, तयार मिळतात तेच वापर.

आता खोली. मधोमध मोठं टेबल टाकायचा विचार मनातून काढ. आपला हात पाऊण मीटरच्या पलीकडे पोचत नाही, आणि डबा घसरतो तो नेमका तिथेच. त्यापेक्षा भिंतींच्या कडेनं दीड फूट रुंदीची फळी फिरव, उभं राहायला मधली जागा मोकळी ठेव. कोपऱ्यात वळणाला मात्र तिरका तुकडा जोडून रुंदी वाढव, म्हणजे बावीस इंच त्रिज्येचं वळण सुखानं बसतं. त्याहून आवळलंस तर लांब डबे कडेला घासतात. दार आत उघडतं ना? मग पल्ला जिथवर फिरतो तिथवर खडूनं फरशीवर आखून घे आणि त्या टप्प्यात उचलफळी कर, हातानं काढून बाजूला ठेवता येईल अशी. हा सगळा आराखडा कागदावर काढत बसू नकोस. रद्दीतली वर्तमानपत्रं चिकटवून पूर्ण मापाचाच फरशीवर पसर, दोन दिवस त्याच्या कडेनं वावर. कुठे अडखळतेस ते लगेच कळेल.

सुतार यायच्या आधी भिंतींचं उरकून घे. पांढरी धरणारा जुना रंग खरवडून पुट्टी आणि धुता येईल असा रंग दे, नाहीतर चुन्याचा भुगा जन्मभर रुळांवर पडत राहील. आभाळही तेव्हाच रंगव, खाली फिकट, वर गडद. धुराडं उभं करायच्या भानगडीत पडू नकोस. शंभर मीटरचं धुराडं आपल्या मापातही एक मीटरच्या वर जातं. ते भिंतीवरच, धुरकट रंगात, लांबचं दिसेलसं काढ. खिडकीला बारीक जाळी आणि जाड पडदा हवाच. कोळशाची बारीक धूळ रुळावर बसली की चाकाला वीज मिळत नाही, इंजिन आचके देत चालतं.

चौकटीला सागवान नको, उगाच खर्च. तीन बाय एक इंचाची सरळ, वाळलेली पाइनची पट्टी वखारीतून स्वतः निवडून आण. डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून बघ, पीळ लगेच दिसतो. आणलेलं लाकूड खोलीतच, मध्ये रिपा घालून, पंधरवडाभर पडू दे. भर पावसाळ्यात जोडलेली चौकट थंडीत आकसते, तेव्हा काम दिवाळीनंतर काढलंस तर उत्तम. पट्ट्या उभ्या धरून चौकट करायची, आडव्या पट्ट्या दर सोळा इंचांवर. सुताराला दोन गोष्टी मात्र मुद्दाम सांग, नाहीतर तो पलंगासारखी चौकट करून मोकळा होईल. आडव्या पट्टीच्या मधोमध वायरींसाठी भोक जोडणीच्या आधीच पाडायचं, नंतर ड्रिल आत शिरत नाही. आणि जिथे रुळांचा सांधा बदलणार, त्याच्या बरोबर खाली पट्टी येऊ द्यायची नाही, तिथे मोटर बसायची असते.

वरचं प्लायवूड बारा मिलिमीटरचं, ओल सोसणारं बीडब्ल्यूआर घे. तिथे पैसे वाचवू नकोस. रंगाचा हात दोन्ही बाजूंना आणि कडांना द्यायचा. एकच बाजू रंगवली की ते वाकतं.

क्वार्टर आपलं नाही, तेव्हा भिंतीत खिळे ठोकू नकोस. सगळं पायांवर उभं कर, चार-चार फुटांच्या तुकड्यांत, प्रत्येक सांध्याला दोन नटबोल्ट. बदली झाली की पाना काढायचा आणि तुकडे टेम्पोत चढवायचे. पायांच्या तळाशी खालीवर होणारे बोल्ट बसवलेस तर उंचसखल फरशीवरही पाणसळीचा बुडबुडा मध्यावर येतो. उंची कोपराएवढी ठेव. गाडी डोळ्यांच्या जवळ आली की खरी वाटते. पोराला स्टूल दे, त्याच्यासाठी टेबल बुटकं करू नकोस.

विजेचं सगळं एकाच बटणावर आण, खोलीतून बाहेर पडताना ते बंद. रुळांत फक्त बारा व्होल्ट असतात, पण अडॅप्टर फरशीवर ठेवू नकोस, पुसताना पाणी जातं. टेबलाखाली पडदा लाव आणि धान्याच्या कोठ्या, ट्रंका तिथे सरकव. सासूबाईंचा विरोध तिथेच मावळतो बघ.

हे सगळं कुठवर जाऊ शकतं ते बघायचं असेल तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींचं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ पासून. एचओचीच गाडी, तिच्याभोवती अख्खं शहर, सर्कससकट. मुलाला घेऊन जा. पण गाड्यांकडे बघून झालं की वाकून टेबलाची उंची आणि कडा किती लांब आहेत तेही बघ.

चौकट उभी झाल्यावर ती महिनाभर तशीच राहू दे. महिन्यानंतर पुन्हा पाणसळ आणि गुण्या लावून बघ. काही हललं नसेल तरच रूळ मागव.