वाचनालय म्हणजे पुस्तकांचा बचत गट



मागच्या महिन्यात मिरजगावात एका गटाची बैठक होती. कर्जाच्या अर्जावर सह्या चालल्या होत्या. एका ताईंनी सही करायच्या आधी अर्ज सहावीतल्या लेकीकडे दिला. "वाच गं, काय लिहिलंय." नंतर मला म्हणाल्या, "मी सातवी शिकलेय मॅडम. पण लग्नानंतर वाचायला हातात काही आलंच नाही. आता वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते."

वाचणं विळ्यासारखं आहे. वापरलं नाही की गंजतं. आणि न वाचता केलेली सही किती महागात पडते, ते आपल्याला माहीत आहे. म्हणून या महिन्याचा पाठ: वाचनालय कसं सुरू करायचं?

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. नगरचं जिल्हा वाचनालय 1838 सालचं आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय त्याच्याही आधीचं, 1828 सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली सुरू झालं. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं लोकांच्या संस्था चालवतात. चार माणसं एकत्र येतात, वर्गणी काढतात, जागा शोधतात. हे काम तर आपण दर महिन्याला करतोच!

आपली पंचसूत्री इथेही तशीच लागू पडते:

1. नियमित बैठक – महिन्यातून एकदा. कोणती पुस्तकं हवीत, ते बायकांनीच ठरवायचं. शेळीपालन, आजारपण, कायदा, गोष्टी, सगळं चालेल.

2. नियमित बचत – समजा 12 गट, प्रत्येकी 10 जणी, दरमहा 10 रुपये. महिन्याला 1,200 रुपये झाले. पुस्तक सरासरी 150 रुपयांचं धरलं, तर महिन्याला 8 आणि वर्षाला 96 पुस्तकं.

3. नियमित देवघेव – पैशांऐवजी पुस्तक कर्जाऊ द्यायचं. पेटीत कुलूपबंद पुस्तक म्हणजे पडून राहिलेली बचत.

4. नियमित परतफेड – मुदत 15 दिवस. उशीर झाला तर दंडापेक्षा आठवण बरी. दंडाच्या भीतीने बाई पुस्तक न्यायचंच सोडते.

5. नियमित नोंदी – एक दाखल नोंदवही, एक देवघेव वही. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक.

जागा? ग्रामसंघाच्या कार्यालयातलं एक कपाट पुरे. वेळ मात्र बायकांच्या सोयीची हवी. सकाळी 10 ते 5 उघडं राहिलं, तर खुरपणीला गेलेल्या ताई कधी येणार? संध्याकाळी एक तास आणि बाजारच्या दिवशी दोन तास उघडलं तरी चालेल.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांचं सार हेच: पुस्तकं वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय वाढत राहावं.

आता कायद्याचं. सुरुवातीला कसलीही नोंदणी लागत नाही. पुढे संस्था करायची असेल, तर संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान 7 सभासद लागतात आणि नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात होते. शासनमान्यता आणि अनुदान 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मिळतं. त्याची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात करावी. पण अनुदानाची वाट बघत थांबू नका. आधी चालवून दाखवा.

त्या ताईंना मी त्या दिवशी एक पातळ गोष्टीचं पुस्तक दिलं. परवा भेटल्या. म्हणाल्या, "अर्धं झालंय. पोरगी मागतेय, पण माझं होईपर्यंत देणार नाही."

पुढच्या बैठकीत बोला:
• आपल्या गटात सही करताना कागद दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या किती जणी आहेत?
• प्रत्येकीच्या घरून एक जुनं पुस्तक आणता येईल का?
• किल्ली कोणाकडे ठेवायची?

उत्तरं बैठकीच्या इतिवृत्तात लिहा. मी आले की आपण कपाट बघायला जाऊ.

– तुमची क्षेत्र समन्वयक