पिनेचा आकार आणि पिनेवरील मुलामा

हेडफोनची पिन हा विषय धान्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याने लिहावयास घ्यावा, याचे कित्येक सभासद बंधूंस नवल वाटेल. परंतु या दोन पेरांएवढ्याही नसलेल्या वस्तूने आमच्या हातून एका तरुण दुकानदाराचा अवमान करविला. त्यानंतर चार जाणत्यांस विचारून व स्वतः पडताळून पाहून जे समजले, ते येथे मांडीत आहोत. आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानांत ही वस्तू विक्रीस असते, आणि घरोघर तर ती आहेच.

आमच्या ज्येष्ठ भगिनी पेडण्यास राहतात. त्यांचे यजमान, आमचे दाजी, उत्तम भजन गात. त्यांच्या पश्चात त्यांचे एकच ध्वनिमुद्रण मागे राहिले. मंडपात दोन बाजूंस दोन माइक ठेवून ते केलेले असल्याने पेटी डावीकडे, तबला उजवीकडे आणि दाजींचा आवाज मधोमध, असे ते ऐकू येते. अक्कांना कमी ऐकू येत असल्याने आम्ही आमचा जुना फोन व हेडफोन त्यांस दिला, आणि दुपारी ते भजन ऐकणे हा त्यांचा नेम झाला. दिवाळीच्या सुमारास त्या म्हणाल्या, "पेटी ऐकू येते, तबला ऐकू येतो, पण ह्यांचा आवाज येत नाही. माझे कानच गेले म्हणायचे." पुढे त्यांनी हेडफोन कानास लावणेच सोडून दिले.

पेडणे किनाऱ्याचा तालुका. हवा खारी आणि पावसाळा चार महिन्यांचा. तेव्हा पिन गंजली असावी, असे आम्ही ठरवून टाकले. डिचोलीस जाऊन दुप्पट दाम देऊन सोनेरी पिनेचा हेडफोन आणला. तरीही फरक पडेना. मग आम्ही पुन्हा डिचोली गाठली आणि खोटे सोने विकल्याचा ठपका त्या दुकानदारावर चार गिऱ्हाइकांसमक्ष ठेवला. तो काही बोलला नाही. त्याने फोनच्या भोकात विजेरीचा प्रकाश पाडला आणि लाकडी दातकोरणीने आतून धुळीची एक घट्ट गोळी काढली. ती धूळ आमच्या गोदामातील धान्याची होती. हा फोन तीन वर्षे आमच्याच खिशात होता!

पिन तळापर्यंत बसत नव्हती, एवढाच तो रोग. मग केवळ गायकाचा आवाजच का नाहीसा व्हावा? पिनेकडे नीट पाहिल्यास तिच्यावर काळ्या कड्या दिसतात. दोन कड्या असल्यास पिनेचे तीन भाग होतात: टोक डाव्या कानाचे, मधला भाग उजव्या कानाचा आणि बुडाकडील भाग दोहोंच्या परतीच्या प्रवाहाचा. ही परतीची वाट तुटली की दोन्ही कानांचे प्रवाह एकमेकांतून जाऊ लागतात. तेव्हा दोन्ही बाजूंस जे समान असते ते शून्य होते, आणि जो फरक असतो तेवढाच ऐकू येतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखे माप पडल्यास काटा हलत नाही, तसेच हे. दाजींचा आवाज दोन्ही बाजूंस सारखा होता, म्हणून नेमका तोच गेला. अक्कांच्या कानांचा यात काहीही दोष नव्हता.

तीन कड्यांची, म्हणजे चार भागांची पिन बोलण्याच्या सोयीसाठी असते, आणि तिच्यात आणखी एक घोटाळा आहे. जुन्या काही फोनांत परतीची वाट बुडाशी व माइक तिच्या वरच्या भागात असे. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या रचनेत हा क्रम उलटा आहे. एका रचनेचा हेडफोन दुसऱ्या रचनेच्या फोनास लावला तरी आवाज असाच पोकळ होतो. अशा वेळी तारेवरील बटण दाबून धरावे. दाबताच आवाज भरून आला, तर दोष मालाचा नसून जोडीचा आहे असे समजावे.

आता मुलाम्याविषयी. सोनेरी पिन सोन्याची नसते. आत बहुधा पितळ, त्यावर निकेल आणि सर्वांत वर सोन्याचा मुलामा असतो. हलक्या मालात हा मुलामा एक दशांश मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ असतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आम्ही सवयीने हिशेब मांडला. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या व चौदा मिलिमीटर लांबीच्या पिनेस एवढ्या थरासाठी सुमारे 0.3 मिलिग्रॅम सोने लागते. म्हणजे एक गुंज सोन्यात चारशेच्या आसपास पिना होतात. दाम दुप्पट कशाचे, ते वाचकांनीच ठरवावे.

तथापि मुलामा निरुपयोगी आहे, असेही आमचे म्हणणे नाही. वीज वाहण्यात चांदी पहिली, तांबे दुसरे, सोने तिसरे. निकेलचा विरोध तांब्याच्या चौपट आहे. पण पिनेएवढ्या लांबीत त्याचा परिणाम इतका अल्प, की कानास तो कळणे नाही. चांदी हवेतील गंधकाने काळवंडते, हे आपल्या देवघरातील भांडी सांगतातच. सोन्यास मात्र खारी हवा बाधत नाही. पितळेच्या भांड्यास आपण कल्हई लावतो, ती आमटीची चव वाढावी म्हणून लावीत नाही; आमटी कळकू नये म्हणून लावतो. सोन्याचा मुलामा ही पिनेची कल्हई आहे. त्याने सूर गोड होत नाही, केवळ संपर्क स्वच्छ राहतो. जी पिन सदैव लावलेली असते, विशेषतः मोरजी-हरमलसारख्या किनाऱ्यावरील घरांत, तिला जाड मुलामा हितकर. जी दिवसातून दहा वेळा काढली-घातली जाते, तिचा पातळ मुलामा लौकरच झिजतो. तेथे साधे कणखर निकेल बरे. काहीजण पिनेस खोबरेल लावतात. तेलास धूळ चिकटते, म्हणून ते लावू नये. कोरडा कापूस पुरतो.

आकाराचा इतिहास थोडक्यात असा. मूळ पिन टेलिफोनच्या एक्स्चेंजातील, पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर जाडीची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. दशावतारी नाटकाच्या वा भजनाच्या मंडपात ध्वनिवर्धकवाल्याच्या यंत्रास तीच आजही दिसते. साडेतीन मिलिमीटरची धाकटी पिन ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर पसरली, आणि 1979 साली सोनीचा वॉकमन निघाल्यावर घरोघर पोचली. सरळ पिन खिशात वाकते व तार मानेशी तुटते. काटकोनी पिन खिशास सोयीची, परंतु फोनवर जाड रबरी कवच असल्यास तिचा खांदा कवचास अडतो आणि पिन तळाशी टेकत नाही. खरेदी करताना कवचासह फोन न्यावा. आम्ही आता मुलाम्याआधी पिनेचा खांदा पाहतो.

अक्कांस दाजींचा आवाज त्याच संध्याकाळी पुन्हा ऐकू आला, आणि तोही जुन्याच, निकेलच्या पिनेतून. दुसऱ्या दिवशी आम्ही तिसऱ्यांदा डिचोलीस गेलो आणि दुकानात गिऱ्हाइके असतानाच त्या तरुणाची क्षमा मागितली. तो म्हणाला, "काका, त्यात काय एवढे? भोक साफ करायला मी पैसे घेत नाही." मग आमच्या गोदामातील नव्या फोनच्या भोकास बसेल असे एक रबरी बूच त्याने काढून दिले. त्याचे पैसे मात्र त्याने चोख मोजून घेतले.