पाहुणा रेणु आणि त्याचें वजन

ज्वारीच्या पिठाची पातळ खळ करून ती गार होऊं द्यावी, व वडील माणसांच्या देखरेखीखालीं तींत टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाकावा. खळ गर्द निळी होते. तीच तापविली असतां निळा रंग उडतो, आणि निवल्यावर पुष्कळ अंशीं परत येतो. पिष्टाच्या कांहीं रेणूंची लांब सांखळी मळसूत्राप्रमाणें वळलेली असते. तिच्या पोकळींत आयोडिन जाऊन बसतें, हें त्या रंगाचें कारण होय. उष्णतेनें पाहुणा बाहेर पडतो, निवल्यावर पुन्हां घरांत शिरतो. पक्क्या रासायनिक बंधानें न जोडतां एक कण दुसऱ्याच्या पोकळींत राहतो, अशा जोडीस यजमान-पाहुणा संकुल म्हणतात.

अशा यजमानांपैकीं एक प्रसिद्ध कुळ अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीचे रसायनज्ञ चार्ल्स पेडरसन यांस अकल्पितपणें सांपडलें. ते दुसराच पदार्थ करूं पाहत होते. त्याबरोबर थोडेसे पांढरे स्फटिक निघाले. ते फेंकून न देतां त्यांनीं तपासले, आणि हे कड्यासारखे रेणु सोडियम, पोटॅशियम यांच्या विद्युद्भारित कणांस, म्हणजे आयनांस, पोटांत धरतात असें त्यांना आढळलें. हा शोध १९६७ सालीं प्रसिद्ध झाला. पेडरसन यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती. तथापि १९८७ सालीं क्रॅम व लेन यांच्यासमवेत त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आकारावरून ह्या रेणूंना त्यांनीं मुकुटाचें नांव दिलें.

अठरा अणूंच्या कड्याचा एक मुकुट घेऊं. त्यांत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २४ व ऑक्सिजनचे ६ अणु. म्हणजे वजन १४४ अधिक २४ अधिक ९६, एकूण २६४. सोडियमचें वजन २३, पोटॅशियमचें ३९. तेव्हां जोडीचें वजन २८७ भरलें तर पाहुणा सोडियम, ३०३ भरलें तर पोटॅशियम.

हें वजन करणारा तराजू म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. १९१९ सालीं केंब्रिज येथें ॲस्टन यांनीं त्याचा एक नामांकित नमुना सिद्ध केला. विद्युद्भारित कण निर्वात जागेंतून जात असतां विद्युत् व चुंबक यांच्या ओढीनें वळतात; हलका अधिक, जड कमी. ज्या कणावर भारच नाहीं तो वळत नाहीं, व म्हणून मोजला जात नाहीं. परंतु जुन्या रीतींत नाजूक जोड्या तराजूंत चढण्यापूर्वींच फुटत. जॉन फेन यांनीं १९८० नंतरच्या दशकांत द्रावण बारीक सुईंतून उच्च विद्युद्दाबाखालीं फवारण्याची युक्ति मोठ्या रेणूंसाठीं यशस्वी केली. थेंब सुकत जातो आणि जोडी न दुखावतां मागें उरते. २००२ सालीं नोबेल मिळालें तेव्हां फेन यांचें वय ८५ होतें.

आतां एक कबुली देणें प्राप्त आहे. वरच्या वर्गांत मी कित्येक वर्षें सांगत आलों कीं, ह्या मुकुटाचें भोंक पोटॅशियमच्या मापाचें, म्हणून तो सोडियमला सोडून पोटॅशियमला घेतो. एकदां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, सोडियम तर लहान; मग त्याला आंत जागा कां नसावी?" "सैल बसतो," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. पुढें वाचनांत आलें तें असें: निर्वात जागेंत ह्या जोड्यांवर वायूचे अणु आदळवून त्या किती जोरानें फुटतात हें मोजलें, तेव्हां मुकुटानें सोडियमलाच अधिक घट्ट धरलेलें दिसलें!

मग पाण्यांत उलट कां? आपल्या जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें खारें पाणी डोळ्यांपुढें आणा. त्यांतील सोडियमचा प्रत्येक आयन पाण्याच्या रेणूंनीं वेढलेला असतो. सोडियम लहान, म्हणून पाण्याला अधिक घट्ट धरणारा. मुकुटांत शिरावयाचें तर हा गोतावळा सोडावा लागतो, आणि तें त्याला फार जड जातें. पोटॅशियमला तें त्या मानानें सोपें. मापाला महत्त्व आहेच. पण निवड यजमान, पाहुणा आणि पाणी अशा तिघांत ठरते. ज्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वहींत माझें अर्धें उत्तर असेल त्यांनीं तें दुरुस्त करून घ्यावें.

यंत्राच्या उत्तरासही मर्यादा आहेत. कोण कोणाबरोबर आहे हें तें सांगतें. पाहुणा माजघरांत आहे कीं ओसरीवर टेकला आहे, हें केवळ वजनावरून कळत नाहीं. म्हणून तशाच घटकांची, पण कडें न झालेली सरळ सांखळी घेऊन तोच प्रयोग करून पाहतात. शिवाय सोडियम हा आगंतुक मोठा. कोणीं न घालतांही कांचेच्या भांड्यांतून येतो, आणि २८७ ची रेघ उमटते.

ही विद्या केवळ पुस्तकी नव्हे. मुंबईच्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें अणुभट्टीच्या कचऱ्यांतून किरणोत्सर्गी सीझियम निवडून काढण्यास मुकुटाच्याच जातीचा एक यजमान वापरला आहे. भोंवतीं सोडियम विपुल असतां तो सीझियमला उचलतो. असें मिळालेलें सीझियम कांचेंत बंद करून, रुग्णास द्यावयाच्या रक्तावर किरण सोडणाऱ्या यंत्रांत घालतात.

शेवटीं एक उदाहरण घरीं सोडवावयास देतों. आपल्या २६४ वजनाच्या मुकुटाच्या द्रावणांत २८२ वर रेघ दिसली. पाहुण्यावर एक धन भार आहे. पाहुणा कोण? ज्यांनीं घाईनें "पाणी" असें लिहिलें असेल त्यांनीं यंत्रांत कोणता कण वळतो हें पुन्हां वाचावें, आणि नायट्रोजनचें वजन १४ आहे हें आठवावें.